फ्योर्ड घोडा पाळणाऱ्यांनी चारा मोजून द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. नॉर्डफ्योर्ड या समुद्राच्या लांब, अरुंद खाडीच्या काठी चरणाऱ्या फिकट बदामी रंगाच्या, उभ्या आयाळीच्या फ्योर्ड जातीच्या घोड्यांविषयी लेखकाने त्यात अतिशय आपुलकीने लिहिले आहे. ते वाचून मला आनंद झाला, कारण सतरा वर्षांपूर्वी लग्न होऊन मी ज्या घरी आले ते घर याच भागात आहे आणि आमच्या पागेत आजही दोन फ्योर्ड घोड्या आहेत. परंतु हा घोडा काटक असल्यामुळे त्याला कुरणात सोडून दिले की मालकाला फारसे काही पाहावे लागत नाही, या अर्थाचे जे विधान त्या लेखात आले आहे, ते तसेच राहू नये असे मला कळकळीने वाटते. आपले दैनिक परदेशातील पुष्कळ मराठी कुटुंबे वाचतात. नॉर्वे, डेन्मार्क आणि जर्मनीत स्थायिक झालेल्या काही मराठी आईवडिलांनी मुलांसाठी असा घोडा घेण्यापूर्वी माझ्याकडे चौकशी केली आहे, आणि त्या प्रत्येकाच्या मनात हाच समज होता. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

या घोड्याचा काटकपणा खरा आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. त्याचे जुने नाव ‘वेस्टलान्स्हेस्ट’, म्हणजे पश्चिम नॉर्वेचा घोडा. जेथे डोंगर थेट समुद्रात उतरतात अशा या मुलखात सपाट शेत थोडे, उतारावरचे गवत हाताने कापून वाळवायचे, हिवाळा लांब आणि वैरण तोकडी. ती पुरावी म्हणून झाडांच्या डहाळ्या तोडून त्यांची पानेसुद्धा जनावरांसाठी वाळवून ठेवण्याची रीत होती. अशा ठिकाणी पिढ्यान्पिढ्या जे घोडे तगले ते निकृष्ट चाऱ्यावर नांगर ओढणारे, जंगलातून ओंडके आणणारे आणि उन्हाळ्यात डोंगरावरच्या विरळ गवतावर अंग धरणारे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा संकर पूर्व नॉर्वेतील ड्योले जातीच्या अधिक मोठ्या घोड्याशी करून पाहण्यात आला. पण तो प्रयोग लोकांना पटला नाही, पैदास पुन्हा मूळ रक्ताकडे वळली आणि आजच्या सर्व फ्योर्ड घोड्यांची वंशावळ १८९१ साली जन्मलेल्या न्योल या एका नराकडे जाते. म्हणजे थोडे खाऊन त्यातला कण न् कण अंगी लावण्याची जी शरीररचना त्या मुलखाने घडवली, तीच आपल्या पागेतल्या घोड्यात उतरलेली आहे. ट्रॅक्टर आल्यावर त्याचे काम गेले, भूक मात्र तेवढीच राहिली. जे शरीर टंचाईसाठी घडले त्याला आपण खतावर वाढवलेले हिरवेगार कुरण देतो आणि आठवड्यातून दोनदा तासभर फिरवतो, हेच आजच्या फ्योर्ड घोड्याचे सर्वांत मोठे संकट आहे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. सहा वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस सासूबाई आजारी होत्या, घरात धावपळ होती आणि मी दोन्ही घोड्यांना गवत कापून नेलेल्या शेतात, जेथे पुन्हा कोवळा फुटवा आला होता, दिवसभर मोकळे सोडत होते. पोटभर खात आहेत, एवढीच माझी समजूत. रात्री दव गोठत होते आणि दिवसा लख्ख ऊन होते. चौथ्या दिवशी सकाळी थोरली घोडी पुढचे पाय पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती आणि दारापुढच्या खडीवर पाऊल टाकायला तयार नव्हती. तिचे अंग आखडले असेल असे समजून मी अर्धा दिवस वाट पाहिली. पशुवैद्य आले तेव्हा त्यांनी खुरावर हात ठेवताच निदान सांगितले: लॅमिनायटिस, ज्याला येथे ‘फोरफान्गेन्हेट’ म्हणतात. रक्तातील इन्सुलिन फार वाढलेले निघाले. घोडी वाचली, पण तिला पुन्हा नीट चालायला आठ महिने लागले, आणि डोंगराच्या वाटेवर तिच्या पाठीवर बसणे त्यानंतर कायमचे बंद झाले. तो अर्धा दिवस मी आजही विसरू शकत नाही.

या रोगाची समज मालकाला असलीच पाहिजे. घोड्याच्या खुराच्या कठीण कवचाआत पायाचे शेवटचे हाड असते आणि कवचाशी त्याला धरून ठेवणारे असंख्य नाजूक पदर असतात. आपल्या नखाखाली मांस जसे घट्ट धरलेले असते तसे, फक्त येथे त्या धरणीवर साडेचारशे किलोचा भार असतो. लठ्ठ आणि साखर न पेलणाऱ्या घोड्याने गवतातून फार साखर घेतली की रक्तात इन्सुलिन चढते, ते पदर ताणले जाऊन सैल होतात, आणि हाड आत फिरते किंवा खाली सरकते. वेदना असह्य असतात. घोडा आखूड पावले टाकतो, कठीण जमिनीवर वळायला नको म्हणतो, खूर गरम लागतात आणि खुराच्या वर, घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवले असता नाडी जोरात लागते. निरोगी घोड्याची तेथील नाडी जेमतेम सापडते, म्हणून ती कशी लागते हे घोडा धडधाकट असतानाच हाताला शिकवून ठेवावे. शंका येताच पशुवैद्यांना बोलवावे, घोड्याला गवतावरून काढावे, खाली जाड मऊ अंथरूण घालावे आणि त्याला मुळीच चालवू नये. मोकळा होईल म्हणून फिरवत राहण्याची जुनी सवय या रोगात घातक आहे. पहिल्या दोन दिवसांत खूर बर्फाच्या पाण्यात थंड ठेवल्याने पुष्कळ हानी टळते. आमच्या पशुवैद्यांनी तो उपाय लगेच सुरू करायला लावला होता.

पण खरे काम त्याच्या फार आधी, दर आठवड्याला करायचे असते, आणि येथे फ्योर्ड घोड्याचे रूपच मालकाची फसगत करते. त्याची आयाळ दुरंगी असते: कडेला फिकट केस आणि मधोमध काळी पट्टी. ती परंपरेने आखूड, कमानदार कापून उभी ठेवतात व कडेचे फिकट केस किंचित अधिक कापतात म्हणजे काळी रेघ उठून दिसते. ही कमान इतकी देखणी असते की मानेच्या कडेला साचलेली चरबीही त्या डौलाचाच भाग वाटते. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात काय किंवा येथील प्रदर्शनात काय, भरलेली मान पाहून माणसे घोड्याचे कौतुक करतात. मीही करत असे. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, हात लावावा. मानेची कड हाताने दोन्ही बाजूंना सहज हलली पाहिजे. ती कडक, फुगीर किंवा एका बाजूला कलणारी असेल तर ते धोक्याचे चिन्ह आहे. बरगड्या दिसू नयेत, पण हात हलका फिरवताच एकेक मोजता यावी. खांद्यामागे आणि शेपटीच्या मुळाशी मऊ गाद्या जमल्या आहेत का ते चाचपावे. हिवाळ्यात अंगावरचे केस इतके दाट होतात की लठ्ठपणा आणि अशक्तपणा दोन्ही त्यांखाली लपतात, म्हणून त्या काळात हाताची पाहणी अधिक वेळा करावी.

हाताच्या जोडीला फीत ठेवावी. खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, जेथे बांधतो तेथील छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे, म्हणजे किलोमधील अंदाजे वजन मिळते. आमच्या धाकट्या घोडीचा घेर १८५ आणि लांबी १५२ आहे, त्यावरून तिचे वजन सुमारे ४३८ किलो येते. हा आकडा अगदी अचूक नसतो, परंतु दर पंधरा दिवसांनी एकाच माणसाने एकाच जागी फीत लावली तर घेर वाढतो आहे की घटतो आहे हे निश्चित कळते, आणि मालकाला तेवढेच कळायला हवे असते. आमच्याकडे पागेच्या दारामागे वही टांगलेली आहे.

आता चाऱ्याविषयी. या जातीचे घोडे साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंच आणि ४०० ते ५०० किलो वजनाचे असतात. वजन उतरवायचे असेल तर आज असलेल्या वजनाच्या हिशेबाने नव्हे, तर असायला हव्या त्या वजनाच्या दीड टक्का इतका कोरडा, म्हणजे त्यातले पाणी वगळून मोजलेला, चारा दिवसाला द्यावा. ४५० किलोच्या घोड्याला हे पावणेसात किलो होते, आणि वाळलेल्या गवतातही थोडे पाणी असते हे धरले तर तराजूवर सुमारे आठ किलो. येथे आता बहुतेक शेतकरी गवत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात, ते वाळले गवत आणि आपला मुरघास यांच्या मधले असते. त्यात चाळीस टक्के पाणी असेल तर तेवढ्याच पोषणासाठी अकरा किलोंहून अधिक द्यावे लागते. म्हणून कवेत येईल तेवढे टाकण्याची पद्धत सोडून द्यावी आणि पागेत साधा टांगता काटा ठेवावा. अशा गठ्ठ्याचे प्लॅस्टिक आधीच फाटलेले असेल किंवा आत मेलेला उंदीर निघाला, तर तो गठ्ठा कितीही किमतीचा असला तरी घोड्यापुढे टाकू नये, कारण त्यातून बॉट्युलिझमची प्राणघातक विषबाधा होऊ शकते. गवताचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा खर्च पशुवैद्याच्या एका खेपेहून कमी येतो. साखर आणि स्टार्च मिळून दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असतील तर ते गवत अशा घोड्याला चालते. साखर जास्त निघाली तर गवत काही तास पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन, लगेच खाऊ घालावे.

मात्र उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे, हे मी ठळकपणे सांगू इच्छिते. लठ्ठ तट्टाचा चारा एकदम तोडला तर साठवलेली चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊन जनावर दगावू शकते. शिवाय घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, त्यामुळे ते फार वेळ रिकामे राहू नये. कोरडा चारा वजनाच्या सव्वा टक्क्याच्या खाली पशुवैद्यांच्या सल्ल्याशिवाय नेऊ नये, दिवसाचा चारा चार-पाच वेळांत विभागावा आणि बारीक भोकांच्या जाळीतून द्यावा, म्हणजे आठ किलो गवत त्याला बराच वेळ पुरते.

कुरण हा सर्वांत अवघड भाग आहे. जूनमध्ये या भागात रात्र जेमतेम होते आणि गवत जवळपास दिवसरात्र साखर बनवत राहते. वसंतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर धोका निराळा असतो: थंडीमुळे गवताची वाढ थांबते पण दिवसा ऊन असते, त्यामुळे तयार झालेली साखर वाढीत खर्च न होता पात्यातच साठून राहते. रात्री दव गोठले असेल तर दुसऱ्या दिवशी ऊन पडले म्हणून घोड्याला गवतावर सोडू नये. माझी चूक नेमकी हीच होती. उन्हाळ्यात पहाटेचे गवत त्यातल्या त्यात सुरक्षित असते आणि दुपार उलटल्यानंतरचे सर्वांत गोड. काही मालक रोज दोन-तीन तासच सोडतात आणि निश्चिंत होतात, परंतु घोडा हे लवकर ओळखतो आणि तेवढ्या वेळात दिवसाच्या खुराकाचा फार मोठा भाग उरकून घेतो. त्यापेक्षा मळणीच्या वेळी आपण बैलाला बांधतो तसे मुसके घालून सोडणे चांगले. येथे मिळणाऱ्या मुसक्याला खाली एक भोक असते, त्यातून थोडीथोडी पाती तोंडात येतात, पाणी पिता येते आणि सोबत्यांमध्ये हिंडताही येते. ते दिवसभर मात्र ठेवू नये आणि कातडे घासले जात नाही ना हे रोज पाहावे. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी कुरणाच्या कडेने कुंपणाची अरुंद वाट काढावी, पाणी एका टोकाला आणि गवताची जाळी दुसऱ्या टोकाला ठेवावी, म्हणजे खाण्यापिण्यासाठी घोडा दिवसभर चालत राहतो.

महाराष्ट्रातून येणारे आमचे नातेवाईक घोड्यांसाठी प्रेमाने गुळाचा खडा घेऊन येतात आणि चंदी किती देता, असे विचारतात. हलके काम करणाऱ्या फ्योर्ड घोड्याला चंदी लागत नाही, असे मी त्यांना सांगते. ओट, हरभरा, मळी घातलेले तयार खाद्य, गूळ, साखर यांतले काहीच लागत नाही. मात्र नुसत्या गवतातून सर्व क्षार मिळत नाहीत, आणि नॉर्वेच्या मातीत सेलेनियम कमी असल्याने येथील गवतातही ते कमी असते. म्हणून ई जीवनसत्त्व, सेलेनियम, तांबे आणि जस्त असलेले क्षारमिश्रण ठरल्या मात्रेत द्यावे. सेलेनियम जास्त झाले तर विषारी ठरते, तेव्हा दोन निरनिराळी मिश्रणे एकत्र देऊ नयेत. मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी सदैव असावे. पाहुण्यांना मी मूठभर वाळले गवत हातात देते, आणि घोड्या तेही तितक्याच आनंदाने खातात.

पायांत दोष नसेल तर या घोड्याला रोज काम द्यावे. तो तीन-चार वर्षांचा होईपर्यंत त्यावर बसू नये, कारण अंगाने भरलेला दिसला तरी हाडे पक्की व्हायला त्यापुढेही दोन वर्षे जातात. त्यानंतर मात्र गाडीला जुंपणे, चढावर दुडक्या चालीने नेणे, लांब दोरीवर फिरवणे, यांपैकी काहीतरी अर्धा-पाऊण तास नियमाने व्हावे. त्याचा स्वभाव शांत आणि विश्वासू आहे, तरी मान फार बळकट असते. गवत दिसले की डोके खाली घालून मुलाला दोरीसकट ओढून नेण्याची सवय त्याला एकदा लागली तर ती मोडणे कठीण, म्हणून लहान मुलांच्या हाती देण्यापूर्वी त्याला जमिनीवरचे शिस्तीचे शिक्षण द्यावे. पाठ रुंद आणि खांद्याचा उंचवटा कमी असल्याने साधे खोगीर बाजूला सरकते. त्याच्या मापाचे रुंद खोगीर घ्यावे आणि वजन उतरल्यावर ते पुन्हा तपासून घ्यावे.

हिवाळ्यात निरोगी फ्योर्ड घोड्याला झूल लागत नाही. त्याचे दाट केस पुरेसे असतात आणि थंडीत थोडी चरबी झडणे त्याच्या हिताचेच आहे. पश्चिम किनाऱ्यावरचा वारा आणि दिवसेंदिवस चालणारा पाऊस मात्र त्यालाही सोसवत नाही, म्हणून आत जाऊन कोरडे उभे राहता येईल असा आडोसा हवाच. खूर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून कापून घ्यावेत. बर्फ गोठल्यावर टोचे असलेले नाल लागतात. वसंतात बारीक चिलटे निघाली की काही घोडे आयाळीची आणि शेपटीची मुळे घासून रक्तबंबाळ करतात. अशा घोड्याला चिलटे येण्याआधीच अंगभर जाळीची झूल घालावी, संध्याकाळी आत घ्यावे आणि शक्यतो वाऱ्याच्या जागी चारावे.

जे कोणी असा घोडा विकत घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी रंगाकडे शेवटी पाहावे. दहापैकी सुमारे नऊ घोडे तपकिरी छटेच्या बदामी रंगाचेच असतात, आणि दुर्मीळ पिवळ्या रंगासाठी जास्त पैसे मोजून खूर न पाहणारे लोक मी पाहिले आहेत. आधी चारही खूर धुऊन घ्यावेत. खुरावर आडव्या रेषा असतात. त्या टाचेकडे रुंद होत गेलेल्या आणि पुढे दाटलेल्या असतील तर घोड्याला पूर्वी लॅमिनायटिस झालेला असण्याची दाट शक्यता आहे. त्याला खडीवर लहान वर्तुळात वळवून पाहावे, मानेची कड चाचपावी, पशुवैद्यांकडून इन्सुलिनची चाचणी करून घ्यावी आणि सध्या तो नेमके काय व किती किलो खातो हे विक्रेत्याला विचारावे. किलोमध्ये उत्तर देणारा विक्रेता भेटला तर मी त्याच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवीन. आणि एकटा घोडा घेऊ नये. नॉर्वेच्या नियमांनुसार घोड्याला रोज बाहेर मोकळे हिंडता आले पाहिजे; त्याच वेळी त्याला सोबतीही हवा असतो, आणि दोन घोड्यांचा चारा वेगवेगळा मोजण्याची तयारी नसेल तर घोडा घेण्याचा बेत पुढे ढकलावा.

नॉर्डफ्योर्डएइड येथे या जातीचे राष्ट्रीय केंद्र असून तेथे दरवर्षी मे महिन्यात नर घोड्यांचे प्रदर्शन भरते. घेणाऱ्याने एकदा तरी तेथे यावे, परीक्षक घोड्याच्या चालीत आणि पायांत काय पाहतात हे कुंपणाशी उभे राहून पाहावे आणि जुन्या पैदासकारांशी बोलावे. ही माणसे कमी बोलतात, पण चाऱ्याविषयी विचारले की वेळ देतात. आपल्या पुरवणीत त्या लेखासंबंधी दुरुस्ती छापणार असाल तर एवढेच छापावे, की फ्योर्ड घोड्याला कुरणात सोडण्यापूर्वी मालकाने रात्री दव गोठले होते का ते पाहावे आणि घोड्याच्या मानेवर व बरगड्यांवर हात फिरवावा.

आपली नम्र,
एक वाचक,
नॉर्डफ्योर्ड, नॉर्वे